जर्मनीचं प्रोजेक्शन घड्याळ नागपुरात कसं लावायचं

मनीषनगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या भावाने जर्मनीहून आईसाठी छतावर वेळ उमटवणारं गजराचं घड्याळ पाठवलं. आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, रात्री जाग आली की चष्मा सापडत नाही आणि लाइट लावला की उरलेली झोप जाते, म्हणून ही भेट. भावाने जानेवारीत तिथेच वेळ जुळवून, सेल घालून कुणाच्या तरी बॅगेतून पाठवलं. इथे पोचलं ते बरोबर अर्धा तास मागे. पडद्यावर टॉवरसारखं चिन्ह सारखं लुकलुकतं, सेल दोन महिन्यांत बसले, नवीन घातले तर घड्याळ शून्यावर गेलं, आणि छतावरचे आकडे थरथरतात. घड्याळ खराब निघालं का, असं त्या विचारतात.

ताई, घड्याळ ठणठणीत आहे. त्याला एवढंच कळलेलं नाही की ते आता नागपुरात आहे. बर्डीवर घड्याळदुरुस्तीला बसून मला तीस वर्षं झाली. दर दिवाळीनंतर आणि दर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर अशी दोन-चार घड्याळं माझ्या टेबलावर येतातच, कारण तेव्हा बाहेरगावची मुलं घरी येऊन जातात. बहुतेकांना मी पेचकसही लावत नाही. एक सेटिंग बदलतो आणि परत देतो.

या घड्याळांना रेडिओ कंट्रोल्ड म्हणतात, पण आत गाणी लागणारा रेडिओ नसतो. पेन्सिलीच्या तुकड्याएवढी एक काळी फेराइटची कांडी असते, तिच्यावर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. ती कांडी फक्त एकाच स्टेशनसाठी जुळवलेली असते. जर्मन घड्याळाचं स्टेशन फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेनला आहे, नाव डीसीएफ७७, लहर ७७.५ किलोहर्ट्झ. तिथल्या अणुघड्याळावरून दर सेकंदाला एक ठोका सुटतो. ठोका म्हणजे लहरीची ताकद क्षणभर कमी करायची: सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी कमी केली तर शून्य, त्याच्या दुप्पट वेळ केली तर एक. असे ठोके मोजत मिनिटभर ऐकलं की तास, मिनिट, तारीख, वार, महिना, वर्ष सगळं हाती लागतं. एकोणसाठावा ठोका मुद्दाम गाळलेला असतो, म्हणजे नवं मिनिट कुठून सुरू झालं ते कळावं. फार सुंदर युक्ती आहे, मला आजही तिचं कौतुक वाटतं.

पण ती लहर भरवशाने पोचते दोन हजार किलोमीटरच्या आसपास. माइनफ्लिंगेन ते नागपूर अंतर सुमारे ६,८०० किलोमीटर. अमेरिकेतून आलेलं घड्याळ कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सचं ६० किलोहर्ट्झचं स्टेशन शोधतं, इंग्लंडचं अँथॉर्नचं. तेही ६० किलोहर्ट्झचंच, पण दोघांची सांकेतिक भाषा वेगळी, त्यामुळे एका स्टेशनचे ठोके दुसऱ्याच्या घड्याळाला कळत नाहीत. जपानची स्टेशनं ४० आणि ६० किलोहर्ट्झवर, चीनचं ६८.५ वर. चीनचं आपल्याला त्यातल्या त्यात जवळचं, तरी ते शांगछिउला, म्हणजे इथून ३,९०० किलोमीटरच्या आसपास. भारताचं असं लांब लहरीचं वेळेचं स्टेशन नाही. आपली प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा अणुघड्याळांवर सांभाळते, आणि ती इंटरनेटवरून मिळते. ती या कांडीला ऐकू येत नाही.

म्हणून तुमच्या पडद्यावरचा टॉवर लुकलुकतो. बिचारं घड्याळ रोज रात्री माइनफ्लिंगेनला हाका मारतं. बहुतेक मॉडेलं रात्री एक ते पाचच्या दरम्यान ऐकायला उठतात, कारण तेव्हा लहर लांबवर जाते आणि घरातली विजेची खरखर कमी असते. पहिल्या तासात जमलं नाही तर पुढच्या तासाला पुन्हा. प्रत्येक वेळी काही मिनिटं कान टवकारून बसायचं, ते सेलच्या जिवावर. जर्मनीत हे काम एका झटक्यात होतं आणि घड्याळ झोपी जातं. इथे वर्षभर रोज रात्री अपयश. सेल दोन महिन्यांत बसतात यात हेही एक कारण आहे.

आता अर्ध्या तासाचं. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. हिवाळ्यात जर्मनी ग्रिनिचच्या एक तास पुढे असतो, तेव्हा आपण त्यांच्या साडेचार तास पुढे. उन्हाळ्यात ते घड्याळ तासभर पुढे ढकलतात, तेव्हा साडेतीन. आणि या घड्याळात देशकाळाचा फरक पूर्ण तासांतच टाकता येतो, उणे बारा ते अधिक बारा. साडे हा प्रकार बनवणाऱ्याने धरलेलाच नसतो. तुमच्या भावाने अधिक चार टाकलं असणार, म्हणून अर्धा तास मागे. पाच टाकलं असतं तर अर्धा तास पुढे दिसलं असतं. काहींना वाटतं, देशाचा मध्य मानला जाणारा झिरो माईलचा दगड आपल्या गावात, तर वेळही नागपूरचीच असणार. तसं नाही. भारताची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावरून धरतात. नागपूर त्याच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे आपली सूर्याची वेळ घड्याळाच्या साडेतेरा मिनिटं मागे चालते. ते असो.

तर उपाय एकच: रेडिओ बंद करा. उरतं ते एक चांगलं क्वार्ट्झ घड्याळ, ज्याला छतावर वेळ टाकता येते. आईंना तेवढंच हवं आहे.

करायचं असं. आधी अडॅप्टर लावा, मग सेल घाला. वीज मिळाली की घड्याळ लगेच स्टेशन शोधायला लागेल, टॉवर लुकलुकेल. या काळात बटणं दाबू नका. बऱ्याच घड्याळांत शोध चालू असताना बटणं मुकी होतात, आणि लोकांना वाटतं की बटणंच गेली. पाच-सात मिनिटं, फार तर दहा मिनिटं जाऊ द्या. शोध थांबला की सेट किंवा मोडचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. पडद्यावर एकेक गोष्ट लुकलुकायला लागेल. क्रम प्रत्येक मॉडेलचा वेगळा, पण त्यात कुठेतरी रेडिओ चालू-बंदचा पर्याय येतो, कधी टॉवरच्या चिन्हासकट, कधी नुसतं ऑन किंवा ऑफ. तो ऑफ करा. काही घड्याळांत हा पर्याय सेटिंगमध्ये नसतो, त्यासाठी मागे वेगळं बटण असतं आणि ते दोन-तीन सेकंद दाबलं की टॉवर दिसेनासा होतो. टॉवर पूर्ण गेला म्हणजे काम झालं. नुसता लुकलुकायचा थांबला, तर पुढच्या रात्री पुन्हा सुरू होणार.

मग देशकाळाचा फरक शून्यावर आणा. हे लोक विसरतात. अधिक चार तसंच ठेवून वर हाताने वेळ बदलली, तर काही मॉडेलं एक वेळ पडद्यावर आणि दुसरी छतावर दाखवतात. उन्हाळी वेळेचा पर्याय असेल तर तोही बंद. अमेरिकन घड्याळांपैकी काहींना आतल्या कॅलेंडरवरूनच मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तास बदलायची सवय असते, रेडिओ बंद असला तरी. आपल्याकडे मार्चच्या एका सकाळी अख्खं घर तासभर आधी उठतं आणि बिघाड घड्याळाचा ठरतो. यानंतर वर्ष, महिना, तारीख. वाराची भाषा जर्मनमध्ये असेल तर इंग्रजी करा, नाहीतर आईंना मंगळवारी छोटं डीआय दिसेल आणि त्या तुम्हालाच विचारतील.

वेळ सर्वांत शेवटी लावा. मोबाइलमध्ये वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू असेल तर मोबाइलचं घड्याळ पुरेसं आहे. एक मिनिट पुढचं टाकून ठेवा, मोबाइलवर तो मिनिट उलटला त्या क्षणी शेवटचं बटण दाबा. बहुतेक घड्याळांत सेकंद तिथून शून्यापासून सुरू होतात. टीव्हीवरच्या बातम्यांच्या वेळेवरून लावू नका. डिशवरून किंवा मोबाइलवरून येणारं चित्र काही सेकंद उशिरा पोचतं, आणि ते किती हे दर वेळी वेगळं असतं.

एवढं केल्यावर घड्याळ किती बरोबर चालेल? आत क्वार्ट्झचा चिमटा आहे, म्हणजे चिमट्याच्या आकाराचा बारीक स्फटिक, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. तो २५ अंशाला सर्वांत नेमका असतो. त्याहून गरम झाला तरी मागे पडतो आणि थंड झाला तरी मागेच पडतो, पुढे कधीच जात नाही. आणि २५ अंशापासूनचं अंतर दुप्पट झालं की मागे पडणं चौपट होतं. खोली ३५ अंशाला असेल तर दिवसाला साधारण सेकंदाचा तिसरा भाग. ४५ अंशाला दिवसाला सव्वा सेकंदाच्या जवळ. आता आपला मे महिना घ्या. वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली, कूलर बंद केलेल्या दुपारी खोली ४० च्या घरात असते. तिथलं घड्याळ महिन्याला वीसएक सेकंद मागे पडलं तर तो दोष नाही, ते नागपूरचं ऊन आहे. कुणी सांगतं की जर्मनीत वर्षभर सेकंद हलला नव्हता. नसेलच हलला. तिथेही चिमटा चुकत होता, पण रोज रात्री स्टेशन कान धरून सुधारत होतं. इथे ते काम तुम्ही करा: अक्षय्य तृतीयेला एकदा, पोळ्याला एकदा, संक्रांतीला एकदा. मोबाइलवर बघून सेकंद जुळवले की पुरे. आईंना रात्री दोन वाजले की तीन एवढं कळायला वीस सेकंदांनी काही बिघडत नाही.

उन्हाचा आणखी एक त्रास पडद्याला होतो. खिडकीत, पश्चिमेच्या उन्हात घड्याळ राहिलं तर एलसीडी पूर्ण काळी पडते. घाबरू नका. सावलीत ठेवलं की तासाभरात परत येते. रोज तसंच तापवलं तर मात्र कायमची जाते, आणि त्या मापाची काच इथे मिळत नाही.

आता छतावरचे थरथरणारे आकडे. यासाठी मला एक घडी दोन दिवस उगाच ठेवून घ्यावी लागली होती. हो, घरात आम्ही घडीच म्हणतो, इथे लिहायला बसलो की घड्याळ होतं. प्रतापनगरचे एक आजोबा, तक्रार हीच: आकडे तुटतात, कधी दिसतात कधी नाही. मी टेबलावर लावून पाहिलं, दोन रात्री पाहिलं, आकडा हलेना. लेन्स पुसली, अडॅप्टर बदलून पाहिला, आतला लाल दिवा पाहिला. शेवटी त्यांच्या घरी गेलो. पलंगाच्या बरोबर वर पंखा. घड्याळ पलंगाशेजारच्या स्टुलावर, आणि उजेडाची वाट पंख्याच्या पात्यांतून. प्रत्येक पातं आकडा कापत होतं. पंखा बंद केला, आकडा स्थिर. जर्मनीत छताला सहसा पंखा नसतो, म्हणून त्यांच्या माहितीपुस्तकात याबद्दल अक्षर नाही. ताई, तुमच्याकडेही मला हेच वाटतं. रात्री एकदा पंखा बंद करून बघा, मिनिटभरात उत्तर मिळेल.

उपाय म्हणजे छत सोडा, भिंत धरा. पायथ्याकडच्या भिंतीवर, सज्जाच्या जरा खाली आकडा टाकला तर आडवं पडूनही दिसतो, मान वळवावी लागत नाही. बहुतेक घड्याळांची प्रोजेक्शनची मान फिरते. आकडे उलटे पडले तर सरळ करायचं वेगळं बटण असतं, फ्लिप किंवा १८० लिहिलेलं. ते नसेल तर घड्याळच पलंगाच्या दुसऱ्या बाजूला ठेवावं लागतं. अंतर एक ते अडीच-तीन मीटर असावं. दहा फुटांचा स्लॅब आणि दोन फुटांचं स्टूल धरलं तर छत बरोबर मापात येतं. भिंतीचं मोजून घ्या. लांब गेलं की आकडा मोठा होतो पण फिका पडतो, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना मोठ्यापेक्षा ठळक बरा. मग फोकसची चकती फिरवा. ती दिवसा फिरवून उपयोग नाही, कारण उजेडात काही दिसतच नाही आणि माणूस चकती टोकापर्यंत पिळून तोडतो. रात्री, दिवे मालवून, आईंनाच पलंगावर झोपवून विचारा, कुठे स्पष्ट दिसतं. तुमचे डोळे वेगळे, त्यांचे वेगळे. भिंत पांढरी किंवा फिक्या रंगाची असावी आणि ऑइलपेंटची चमकदार नको. चमकदार भिंतीवर आकड्याऐवजी लाल डाग दिसतो.

आकडे थोडा वेळ दिसून विझतात, अशीही तक्रार येते. तो बिघाड नाही. नुसत्या सेलवर असताना प्रोजेक्शन काही सेकंदच लागतं, तेही वरचं मोठं बटण दाबल्यावर. रात्रभर दिसायला अडॅप्टर हवाच. आणि अडॅप्टर असला तरी सेल काढू नका. लाइन गेली की सेलवर वेळ टिकते. सेल नसले तर लाइन आल्यावर घड्याळ शून्यापासून सुरू होतं, आणि खरी मेख म्हणजे रेडिओ बंद केलेलं सेटिंगही पुसलं जातं. तुमचं घड्याळ शून्यावर गेलं ते यामुळेच. म्हणून सेल बदलताना अडॅप्टर लावलेला ठेवायचा. सेल साधे अल्कलाइन घ्या. चार्जिंगचे सव्वा व्होल्टचे असतात, त्यावर पडदा फिका दिसतो. आणि दर उन्हाळ्यापूर्वी उघडून बघा. सेल तापून फुटला आणि पांढरी बुरशी पत्तीवर चढली, की ते घड्याळ माझ्याकडे येतं.

जर्मनीचा अडॅप्टर इथे चालतो, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ दोन्हीकडे तेच. दोन गोल पिना आपल्या पाच अँपियरच्या सॉकेटमध्ये जरा सैल बसतात. सैल बसून ठिणग्या येत असतील तर चांगला कन्व्हर्टर घ्या, आगकाडी खोचू नका. अमेरिकेचं मात्र जपून. मी नवा असताना एका गिऱ्हाइकाचं घड्याळ न वाचता सॉकेटमध्ये लावलं होतं. अडॅप्टरवर १२० व्होल्ट लिहिलेलं. वास आला तेव्हा उशीर झाला होता, आणि पैसे मी भरून दिले. तेव्हापासून अडॅप्टरच्या पोटावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय मी पिन लावत नाही. १०० ते २४० लिहिलं असेल तर बिनधास्त. अमेरिकेच्या काही साध्या प्लगच्या घड्याळांत आणखी एक गंमत असते: ती वेळ विजेच्या लहरींवरून मोजतात. तिथे ६०, इथे ५०. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट बरोबर दिले तरी ते तासाला दहा मिनिटं मागे पडणार, आणि हे बटणांनी सुधारत नाही.

तुमच्या घरात हौशी पोरगं असेल तर रेडिओचा भाग जागा करायची एक युक्ती आहे. मोबाइलवर अशी अ‍ॅपं मिळतात जी डीसीएफसारखे ठोके आवाजातून काढतात. आवाज १५.५ किलोहर्ट्झचा, त्याची पाचवी पट म्हणजे बरोबर ७७.५. ऐकू येणारा आवाज हा निव्वळ वाहन. खरं काम इअरफोनच्या तारेतल्या विजेच्या त्या पाचव्या पटीचं. तारेचे इअरफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून, तार घड्याळाच्या अंगाला गुंडाळायची आणि शोध सुरू करायचा. तीन-पाच मिनिटांत टॉवर स्थिर झाला तर जमलं. यात मोठी सोय अशी की अ‍ॅपला आपली वेळ पाठवायला सांगता येते, म्हणजे अर्ध्या तासाचा प्रश्नच मिटतो. फक्त घड्याळातला फरक शून्य हवा. अमेरिकन घड्याळाला ही युक्ती करताना डोकं लावावं लागतं, कारण तिथलं स्टेशन ग्रिनिचची वेळ पाठवतं आणि घड्याळ त्यातून आपला फरक वजा करतं. मी केलं आहे. एखाद्या घड्याळावर पहिल्या झटक्यात होतं, दुसऱ्यावर तास गेला तरी होत नाही. जमल्यावर रेडिओ पुन्हा बंद करायचा, हे विसरू नका. पण आईंसाठी म्हणून विचाराल तर यात पडू नका.

कुणाला नवीनच घ्यायचं असेल तर रेडिओ कंट्रोल्ड शब्द बघून जास्त पैसे देऊ नका. इथे त्या शब्दाचा उपयोग नाही. साधं प्रोजेक्शनचं घ्या, किंवा वाय-फायवरून वेळ घेणारं घ्या. त्यात साडेपाच तासांचा पर्याय सहसा असतो. फक्त घरच्या राउटरचं २.४ गिगाहर्ट्झ चालू आहे ना ते बघा, बरीचशी घड्याळं तेवढंच पकडतात.

गजराचं थोडक्यात. ही घड्याळं चोवीस तासांची येतात. बारा तासांची करून दिली तर आईंना सोपं जाईल, पण मग गजर लावताना पीएमचं बारीक अक्षर नीट बघा. सकाळी सहाचा गजर संध्याकाळी सहाला वाजतो तो यामुळे. सोमवार ते शुक्रवार असा पर्याय निवडला तर शनिवारी वाजणार नाही, आणि आपल्याकडे शनिवारी पुष्कळांना उठायचं असतं.

शेवटी एक विचारायचं राहिलं. आई मच्छरदाणीत झोपतात का? झोपत असतील तर घड्याळ मच्छरदाणीच्या बाहेर ठेवा आणि आकडा बाहेरच्या भिंतीवर टाका. आत ठेवून वर मारला तर अर्धा आकडा जाळीवर आणि अर्धा छतावर पडतो, आणि रात्री दोन वाजता त्यांना दोन घड्याळं दिसतील.